बाळासाठी बिनसाखरेचे मफिन: फळ किती, पीठ किती आणि गुळाचं काय

बाळासाठी बिनसाखरेचे मफिन कसे करावेत, या तुमच्या प्रश्नात तीन अडचणी दिसतात. मफिन रबरासारखे चिवट होतात, मध्ये गिचगिचीत राहतात, आणि सासूबाईंचं म्हणणं, "थोडा गूळ घाल की, गुळाने काय होतंय!" बाळ दहा महिन्यांचं, थोरली अडीच वर्षांची, घरात साधा ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन. पहिल्या दोन्ही अडचणी साखर काढून तिच्या जागी फळ घातल्यामुळे येतात, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

केकमध्ये साखर नुसती गोडीपुरती नसते. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे गव्हातल्या ग्लुटेनला (पिठाला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाला) मनासारखं पाणी मिळत नाही आणि केक मऊ राहतो. वरचा सोनेरी रंग आणि दुसऱ्या दिवशी टिकणारा ओलावा यांतही तिचा मोठा वाटा. ती काढली की ग्लुटेनला रान मोकळं. त्यात आपण गिरणीची बारीक कणीक घेतो आणि गुठळ्या राहू नयेत म्हणून नेटाने फेटत बसतो. पोळीची कणीक जितकी मळाल तितकी चांगली, मफिनला तो न्याय लावायचा नाही. कोरडं पीठ ओल्या मिश्रणात पडलं की उलथन्याने खालून वर दहा-बारा वेळा फिरवा आणि थांबा. कुठे कुठे पिठाचे पांढरे ठिपके दिसले तरी दिसू देत. मग दहा मिनिटं झाकून ठेवा, कोंडा पाणी पितो तोवर. आजकालच्या बेकिंग पावडरीला तेवढा वेळ चालतो.

मध्ये गिचका राहतो तो फळाच्या पाण्यामुळे. "दोन केळी" असं लिहिलेल्या पाककृतीवर माझा विश्वास नाही. दोन वेलची केळी आणि दोन मोठी जळगावची केळी यांत निम्म्याहून जास्त फरक पडतो. सोललेल्या गराचं वजन करा. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा फार महाग नसतो आणि बाळाच्या खाण्यात पुढेही उपयोगी पडतो.

माझं प्रमाण असं: केळ्याचा गर २०० ग्रॅम, एक अंडं, घट्ट ताजं दही ३ मोठे चमचे, वितळलेलं बिनमिठाचं लोणी किंवा साजूक तूप ३ मोठे चमचे, कणीक १२० ग्रॅम, बेकिंग पावडर १ लहान चमचा, खायचा सोडा चिमूटभर, दालचिनीची पूड पाव चमचा. मीठ अजिबात नाही. छोट्या साच्यात वीसेक होतात, मोठ्या साच्यात आठ-नऊ. मिश्रण चमच्यातून थबकन पडलं पाहिजे. सरसर ओघळायला लागलं तर एक-दोन चमचे कणीक वाढवा. ३० ग्रॅम कणकेऐवजी नाचणीचं पीठ घेतलं तर चव खमंग येते आणि कॅल्शियमही मिळतं. पण नाचणीत ग्लुटेन नाही, त्यामुळे त्याहून फार पुढे गेलात तर बाळाच्या मुठीत निव्वळ चुरा उरेल.

केळं कोणतं, हे सगळ्यात महत्त्वाचं. पिवळंधमक, टवटवीत केळं इथे कामाचं नाही. केळं पिकताना त्यातला स्टार्च साखरेत बदलत जातो, म्हणून सालीवर काळे डाग भरपूर हवेत. देठ सहज तुटतं, आतला गर कडेने किंचित पारदर्शक झालेला असतो, काट्याने दाबला की दोरे न राहता विरघळतो आणि वास अख्ख्या स्वयंपाकघरात पसरतो. असं केळं मिळालं की दुसऱ्या गोडव्याची गरज उरत नाही. मंडईत संध्याकाळी गेलात तर हीच डागाळलेली केळी गाडीवाला कमी भावात देतो. जास्त आणून, सोलून, २००-२०० ग्रॅमच्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये टाका. वापरताना सुटलेलं पाणी फेकू नका, तेही वजनात धरा.

आता बाकीची फळं. सफरचंद किसून घालायचं असेल तर पिळून घाला, नाहीतर पाणी न घालता वाफवून घोटा. चिकू छान लागतो, पण गर सैल असतो, म्हणून दही एका चमच्यावर आणा. हापूसचा रस घालताना दही पूर्ण काढलं तरी चालतं. पुरंदरचे ताजे अंजीर हंगामात मिळाले तर सोडू नका, कुस्करून घाला, बियांची काळजी नको. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मिश्रणात ढवळली की पाणी सोडते आणि आंबटही लागते. तिचे बारीक तुकडे फक्त वरून खोचा. सीताफळाच्या वाटेला जाऊ नका. तापवलं की गर कडवट होतो आणि एवढ्या बिया काढायचे कष्ट वाया जातात.

भाजताना ओटीजी १८० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं आधी तापवा, साचा मधल्या जाळीवर, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू. छोटे मफिन बारा-चौदा मिनिटांत होतात, मोठ्यांना वीस-बावीस लागतात. रंगाची वाट पाहू नका. साखर नाही म्हटल्यावर ते फिकेच राहणार, आणि रंगासाठी भाजत राहिलात तर कोरडे ठणठणीत होतील. बोटाने दाबल्यावर खळगा परत वर आला आणि टूथपिकला ओलं पीठ चिकटलं नाही की बाहेर काढा. कागदी कपांना हे मफिन चिकटतात. तूप लावलेला साचा किंवा सिलिकॉनचे कप बरे. पुण्यात बोहरी आळीत दोन्ही मिळतात. आणि गुरुवारी लाइट गेली तर आप्पेपात्र आहेच: मंद आच, वर झाकण, एका बाजूने सहा-सात मिनिटं, उलटून तीन-चार. खरं सांगायचं तर दहा महिन्यांच्या हाताला आप्प्याचाच आकार जास्त सोयीचा.

आता सासूबाईंचा गूळ. साखर, गूळ, खडीसाखर, काकवी, खजुराचं सिरप, शरीराच्या लेखी सगळं एकाच माळेचे मणी. गुळात लोह असतं हे खरं, पण बाळाच्या वाट्याला येणाऱ्या चिमूटभर गुळातून ते मोजण्याइतकंही मिळत नाही. दोन वर्षांपर्यंत वरून गोड घालू नये, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ मध्येच सांगितलं आहे. मधाचं तर नावच काढू नका. वर्षाच्या आत मध म्हणजे बोट्युलिझमचा, म्हणजे एका जिवाणूच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका, आणि "भाजलाय ना, मग काय" हा युक्तिवाद चालत नाही. मफिनच्या आतलं तापमान शंभरच्या वर जात नाही आणि ते जिवाणू ज्या बीजाणूंच्या रूपात मधात असतात ते तेवढ्याला दाद देत नाहीत. औषधाच्या दुकानातल्या शुगर फ्री गोळ्या आणि पुड्याही बाळासाठी नाहीत. आणि "नो ॲडेड शुगर" लिहिलेल्या पाकिटामागचा घटकांचा मजकूर वाचा, फळांच्या रसाचा अर्क किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) बऱ्याचदा तिथे निवांत बसलेलं असतं.

सासूबाईंशी वाद घालू नका, मिश्रणाचे वेगवेगळे भाग करा. बाळाचे सात-आठ छोटे मफिन आधी साच्यात ओता. उरलेल्यात थोरलीसाठी भिजवून वाटलेला खजूर घाला, अगदी शेवटच्या भागात मोठ्यांसाठी किसलेला गूळ आणि जायफळ. बाळाचा मफिन आपल्या जिभेला फिका लागणारच. ज्याने अजून पेढा चाखलेला नाही, त्याला पिकलेलं केळंच भरपूर गोड असतं.

देताना थोडी काळजी घ्या. गहू, अंडं आणि दही हे तिन्ही बाळाने आधी वेगवेगळं खाऊन पचवलेलं असावं. एग्झिमा (कातडीला खाज येऊन चट्टे उठणं) असेल किंवा कशाने पुरळ उठलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अंडं नको असेल तर एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घाला, मफिन थोडा जड होतो इतकंच. अख्खे बेदाणे, काजू-बदामाचे तुकडे, द्राक्षं यांतलं काही आत नको, घशात अडकतात. सुक्या मेव्याची बारीक पूड चालेल. मफिनचे बोटाएवढे लांब काप करा आणि एक काप स्वतःच्या चिमटीत दाबून बघा. सहज कुस्करला गेला तर द्या. गोळा होऊन चिकट राहिला तर तो टाळूला चिकटणार, तो देऊ नका. बाळ ताठ बसलेलं, शेजारी कुणीतरी मोठं, हाताशी पाण्याची वाटी. आणि वरण-भाताच्या जागी मफिन नको. चारच्या खाण्याला एक-दोन छोटे पुरे.

साखर नसल्यामुळे हे टिकत नाहीत. पावसाळ्यात तर बाहेर संध्याकाळपर्यंतसुद्धा नको. फ्रीजमध्ये दोन दिवस, फ्रीझरमध्ये महिनाभर. गरम करताना मायक्रोवेव्हमध्ये मफिन कुठे जास्त, कुठे कमी तापतो, म्हणून फोडून, हाताला लावून मगच द्या.

पहिल्या वाढदिवसाचं तुम्ही शेवटी विचारलंय. हेच मिश्रण सहा इंची गोल डब्यात, १७० अंशांवर तीस ते पस्तीस मिनिटं. आयसिंगऐवजी बिनसाखरेचा चक्का. दह्याचा घरी बांधा, नाहीतर चितळ्यांकडून आणा. त्यात केळं किंवा आंब्याचा गर घोटून पूर्ण गार झालेल्या केकवर पसरा. केक गरम असताना लावलात तर चक्का पाणी सोडून घसरतो, म्हणून भाजायचं काम आदल्या रात्री उरका आणि चक्का मात्र कापायच्या अर्धा तास आधी लावा.