वाचकांचे प्रश्न : मोटर ड्रायव्हरच्या पॉवर सप्लायचे अर्थिंग

प्रश्न : आमच्या फर्निचरच्या कारखान्यात लाकूड कोरण्याचे सीएनसी यंत्र आम्हीच जोडून तयार केले आहे. ४८ व्होल्ट डीसीचा एसएमपीएस (२३० व्होल्टपासून डीसी बनवणारा पॉवर सप्लाय) तीन स्टेपर ड्रायव्हरना (मोटरी फिरवणाऱ्या सर्किटना) वीज पुरवतो. सांगाड्याला हात लागला की झिणझिण्या येतात. अर्थिंगची तार जोडली की आरसीसीबी (गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) पडतो, म्हणून ती काढून ठेवली आहे. डीसीची ऋण तार न्यूट्रलला जोडल्यास हा त्रास थांबेल, असे एकाने सुचवले आहे. तसे करावे का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तसे मुळीच करू नये, आणि अर्थिंग पूर्ववत होईपर्यंत यंत्र चालवूही नये, ही कळकळीची विनंती. न्यूट्रलमधून परतीचा प्रवाह वाहत असतो. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटसुलट लागले असतील, किंवा मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर त्याला जोडलेल्या प्रत्येक धातूच्या भागावर २३० व्होल्ट येऊ शकतात.

एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून धातूच्या पेटीपर्यंत छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. पेटीला अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा अल्प प्रवाह अर्थिंगच्या तारेने निघून जातो. नसेल तर पेटी आणि तिला जोडलेला सांगाडा सुमारे ११५ व्होल्टवर अधांतरी राहतो आणि स्पर्श करताच झिणझिण्या येतात. मात्र एवढेच कारण गृहीत धरू नये. स्पिंडल मोटरच्या (कोरण्याचे हत्यार फिरवणाऱ्या मोटरच्या) वाइंडिंगचे इन्सुलेशन खराब होऊ लागले तरी असेच जाणवते, आणि आरसीसीबी पडत असल्यामुळे हा संशय बळावतो.

प्रथम प्लग काढून कपॅसिटर रिकामे होण्यासाठी काही मिनिटे थांबावे. सांगाड्यावर एका ठिकाणी रंग खरवडून, केवळ अर्थिंगसाठी राखून ठेवलेला बोल्ट बसवावा. प्लगकडून येणारी हिरवी-पिवळी तार, एसएमपीएसचे अर्थ टर्मिनल, मोटरींची बॉडी आणि पॅनेलचे दार यांच्या तारा लग (तारेच्या टोकाला बसवायचे धातूचे कडे) व दातेरी वॉशर लावून याच बोल्टवर आणाव्यात. या मार्गात स्विच किंवा फ्यूज कधीही असू नये. नंतर प्लगची अर्थ पिन आणि प्रत्येक मोटरची बॉडी यांमधील रोध मल्टिमीटरने मोजावा. मीटरच्या तारांचा रोध वजा करता तो एका ओहमपेक्षा बराच कमी यायला हवा.

आता डीसीच्या ऋण टोकाविषयी. प्रत्येक ड्रायव्हरची ऋण तार स्वतंत्रपणे एसएमपीएसच्या ऋण टर्मिनलवर आणावी आणि तेथून एकच तार अर्थिंगच्या बोल्टला जोडावी. एसएमपीएसच्या ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फुटून २३० व्होल्ट डीसी बाजूवर आले, तर या तारेमुळे दोषप्रवाहाला वाट मिळते आणि संरक्षक स्विच पडतो. ही जोडणी दोन ठिकाणी केल्यास मोटरींचा प्रवाह सांगाड्यातून, कधी कधी संगणकाच्या यूएसबी केबलमधूनही, वाहू लागतो.

येथे एक महत्त्वाची मर्यादा आहे. हा सल्ला इनपुटपासून विलग असलेल्या पॉवर सप्लायपुरताच आहे. स्पिंडलचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे उपकरण) थेट २३० व्होल्टवर चालत असल्यास त्याच्या आतील डीसी बसचे ऋण टोक रेक्टिफायरमार्फत (एसीचे डीसी करणाऱ्या भागामार्फत) मुख्य लाइनशी जोडलेले असते, त्यामुळे ते अर्थिंगला लावताच शॉर्टसर्किट होते. त्याचे फक्त अर्थ टर्मिनल जोडावे.

आरसीसीबी का पडतो, हे शोधण्यासाठी अर्थिंग कायम ठेवून एसएमपीएस, व्हीएफडी आणि स्पिंडल एकेक करून जोडावेत. प्रत्येक जोडणी प्लग काढूनच करावी. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपियरच्या दरम्यान कधीही पडू शकतो, म्हणून त्याच आरसीसीबीवर अनेक उपकरणे असल्यास त्यांच्या गळतीची बेरीजही कारण ठरू शकते. स्पिंडल जोडल्यावरच तो पडत असेल, तर परवानाधारक वायरमनकडून मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) वाइंडिंगचे इन्सुलेशन तपासून घ्यावे. मात्र मेगर लावण्यापूर्वी स्पिंडलची केबल व्हीएफडीपासून सोडवणे आवश्यक आहे. कारखान्याच्या अर्थिंगचा रोधही त्यांच्याकडूनच मोजून घ्यावा, कारण अर्थिंग कमकुवत असले तरी फेज आणि अर्थ यांमध्ये मल्टिमीटर २३० व्होल्ट दाखवू शकतो.