वाचकांचे प्रश्न : आउटर बँक्सची वाळू, घरं आणि लाटा

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यासमोर समुद्रात सुमारे ३०० किलोमीटर लांब अशी वाळूच्या बेटांची माळ आहे, ती आउटर बँक्स. याच राज्यातल्या केरी-रॅले शहरांच्या भागातल्या मराठी कुटुंबांची उन्हाळी सहल बहुतेकदा इथेच जाते आणि भारतातून आलेल्या आईवडिलांनाही इथेच आणलं जातं. आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न घेतले आहेत.

रोडॅन्थी गावात समुद्रकाठची घरं खांबांसकट पाण्यात कोसळल्याचे व्हिडिओ पाहिले. कोकणात बांधतात तसा दगडी बंधारा तिथे का बांधत नाहीत? आमचं भाड्याचं घर त्याच गावात आहे.

बंधारा बांधला तर घर काही वर्षं टिकेल, पण पुळण जाईल. हे बेट म्हणजे नुसता वाळूचा दांडा. पायाला कातळ नाही. मोठ्या वादळात लाटा बेटावरून पलीकडे जातात आणि समोरची वाळू मागच्या खाजणाकडे नेऊन टाकतात. तिथे खाऱ्या पाण्यातलं गवत ती धरून ठेवतं. पुढून झिजायचं आणि मागून वाढायचं, असं करत अख्खं बेट मुख्य भूमीकडे सरकतं. समुद्राची पातळी चढते आहे, त्यामुळे सरकणं थांबणारही नाही. मध्ये भिंत घातली की लाट तिच्यावर आपटून पायथ्याची वाळू ओढून नेते आणि शेजारच्या घरापुढची झीज वाढते. म्हणून या राज्याने समुद्राच्या बाजूला पक्के बंधारे बांधायला १९८५ मध्ये नियमाने आणि २००३ मध्ये कायद्याने बंदी घातली. अपवाद आहेत, पण थोडे.

वाळूला अडवण्याचा एक मोठा प्रयोग आधीच झाला होता. १९३०च्या दशकात सरकारी मजुरांनी कुंपणं रोवून आणि गवत लावून किनाऱ्यालगत वाळूच्या टेकड्यांची लांबच लांब रांग उभी केली. तिच्या आडोशाने पुढे महामार्ग १२ आणि वस्ती आली. पण लाटा पलीकडे जायच्या थांबल्या तशी मागच्या बाजूला वाळू पोचेना. पुढची झीज मात्र चालूच राहिली. बेट अरुंद झालं. २०११च्या आयरीन वादळाने याच माळेतल्या पी आयलंडवर हा रस्ता तोडून आरपार पाणी केलं. रोडॅन्थीजवळ तर रस्ता बेटावरून काढून मागच्या खाजणातल्या पुलावर न्यावा लागला. तो पूल २०२२ मध्ये सुरू झाला.

केप हॅटरसच्या दीपस्तंभाचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. १८७० मध्ये बांधला तेव्हा समुद्र साडेचारशे मीटर दूर होता. शंभर वर्षांत तो चाळीस मीटरच्या आत आला. भिंत घालायची की स्तंभ हलवायचा, यावर बरीच वर्षं वाद झाला आणि शेवटी १९९९ मध्ये विटांचा तो अख्खा मनोरा रुळांवरून सुमारे ८८० मीटर आत नेला. आमच्या मते निर्णय योग्यच होता.

आता तुमच्या घराचं. नकाशावर उपग्रह-छायाचित्र उघडून घर कितव्या ओळीत आहे ते बघा. भरतीचं पाणी खांबांखालून जात असेल तर ते घर नको. अशा घरांची सेप्टिक टाकी बहुधा आधी उघडी पडते, म्हणजे जिन्याखालचं पाणी मुलांच्या खेळण्यालायक राहत नाही. जवळपास घर पडलं असेल तर खिळे असलेल्या फळ्या कित्येक मैल वाहून वाळूत पुरल्या जातात. तिथे अनवाणी फिरू नका. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतलं घर स्वस्त पडतं आणि झोपही शांत लागते.

कोकणाशी तुलना जपूनच करावी. आपल्याकडे दोन कातळी भूशिरांच्या कुशीत पुळण असते. इथल्यासारखं काही बघायचं तर मालवणजवळचं देवबाग : एकीकडे कर्ली नदी, दुसरीकडे समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी.

किनाऱ्यावरच्या टेकडीवर पाय ठेवला तर रेंजर ओरडतो, आणि जॉकीज रिजवर मात्र सगळे घसरगुंडी खेळतात. हे काय गौडबंगाल आहे?

किनाऱ्यालगतची टेकडी गवताच्या जिवावर उभी असते. सी ओट्स नावाचं उंच तुऱ्यांचं गवत वाऱ्याबरोबर येणारी वाळू अडवतं, आणि वाळू वर चढत गेली की त्यातूनच नवे फुटवे काढतं. पायवाट पडली की मुळं उघडी पडून गवत मरतं, तिथे खाच होते आणि पुढच्या वादळाचं पाणी नेमकं त्या खाचेतून घुसतं. म्हणून लाकडी पुलानेच जायचं. तुरेही तोडायचे नाहीत. राष्ट्रीय सागरकिनाऱ्यात तो गुन्हा आहे.

नॅग्ज हेडची जॉकीज रिज ही उघडी, चालती टेकडी आहे. उंची साधारण २५ ते ३० मीटर, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची सर्वांत मोठी. हिवाळ्यात ईशान्येचा वारा तिला एकीकडे ढकलतो, उन्हाळ्यात नैर्ऋत्येचा परत आणतो, म्हणून ती उडून जात नाही. दुसरं कारण हाताने तपासता येतं : चार बोटं वाळू उकरा, खाली ओल लागते. १९७३ मध्ये कॅरोलिस्टा बाउम ही बाई बुलडोझरपुढे उभी राहिली म्हणून ही टेकडी वाचली. १९७५ मध्ये ती राज्य उद्यान झाली. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी जा. दुपारी वाळू हवेपेक्षा २५-३० अंश फॅरनहाइटने जास्त तापते आणि चपलेत शिरून पाय पोळतात. ढग गडगडले की लगेच उतरा; तिथे सगळ्यात उंच तुम्हीच असता.

गाडी वाळूवर नेण्याचा परवाना काढला आहे. रुतू नये म्हणून काय करावं?

वाळूवर उतरायच्या रॅम्पच्या अलीकडे, डांबरावरच, चारही टायरांतली हवा २० पौंडांवर आणा. सर्वाधिक गाड्या रुततात त्या ३५ पौंडांच्या टायरांमुळे. टायर पसरला की वजन वाटलं जातं आणि चाक खाली खणत नाही. मग फोर-व्हील ड्राइव्ह लावून आधीच्या गाड्यांच्या चाकोरीतून एकसारख्या संथ वेगाने जा. मर्यादा ताशी १५ मैल आहे, माणसं जवळ असतील तर त्याहून हळू. भुसभुशीत चढावर थांबू नका, आणि एवढ्या कमी हवेवर स्टिअरिंग झटक्याने वळवू नका, टायर रिमवरून सुटतो.

हवेचा गेज, फावडं, जॅक आणि जॅकखाली ठेवायची फळी सोबत असणं नियमानेच सक्तीचं आहे. चाक जागच्या जागी फिरू लागलं की त्याच क्षणी ॲक्सिलरेटर सोडा. गाडीचं पोट वाळूला टेकलं की फावड्याशिवाय सुटका नाही. चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू काढा, हवा आणखी दोन-तीन पौंड कमी करा आणि आलात त्याच चाकोरीतून मागे घ्या. ओहोटीच्या आसपासची वेळ निवडा. परतल्यावर हवा भरा आणि गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. भाड्याच्या गाडीचा करार आधी वाचा. बहुतेकांत वाळूवर नेण्याची मनाई असते. कासवांच्या विणीच्या हंगामात रात्री गाडी बंद, आणि पक्ष्यांच्या घरट्यांसाठी काही पट्टे पूर्ण बंद असतात.

ऊन पडलेलं, आकाश निरभ्र, तरी लाल झेंडा का लावतात?

शेकडो मैल दूर असलेल्या वादळाच्या लाटा इथे पोचतात म्हणून. किनाऱ्यावर चढलेलं पाणी वाळूच्या उथळ दांड्यातल्या फटीतून जोरात परत जातं. हाच रिप करंट. फुटणाऱ्या लाटांच्या पांढऱ्या रांगेत एकच पट्टा शांत, गढूळ दिसत असेल आणि फेस त्यातून बाहेर चालला असेल तर ती जागा टाळा. फसवी गोष्ट अशी की तीच सगळ्यात निवांत दिसते. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे पोहू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या, मग लाटांबरोबर आत. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात हलवा. साडी किंवा सलवार-ओढणी नेसून कमरेइतक्या पाण्यात उभं राहणं इथे धोक्याचं आहे. कापड पाणी पितं आणि लाट पाय सोडवते. जीवरक्षक मोजक्याच ठिकाणी आणि उन्हाळ्यापुरतेच असतात.

मग सासूबाई आणि तीन वर्षांच्या मुलाला कुठे न्यावं?

बेटाच्या मागच्या बाजूला, पॅम्लिको साउंडवर, म्हणजे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या खाऱ्या पाण्यावर. काठापासून बरंच अंतर पाणी गुडघा-कमरेइतकं असतं आणि लाट नावालाच. मात्र समुद्राचं भरतीचं वेळापत्रक तिथे चालत नाही. पाणी वाऱ्यावर चढतं-उतरतं. वादळात तेच पाणी मागून गावात शिरतं. २०१९ मध्ये डोरियन वादळात ओक्राकोक बेटावरचं गाव असंच बुडालं होतं. तळाशी शिंपल्यांच्या धारदार कडा असतात, म्हणून सगळ्यांना पाण्यातले बूट घाला.

चांगले शंख कधी मिळतात?

वादळानंतर, पहाटेच्या ओहोटीला, ओक्राकोककडे. राज्याचा मानाचा शंख स्कॉच बॉनेट तिथे नशिबाने मिळतो. शंख उलटा करून आत बघा. जीव किंवा खेकडा असेल तर परत पाण्यात. सँड डॉलर (नाण्यासारखा चपटा, गोल समुद्री जीव) तपकिरी आणि अंगावर बारीक लव असलेला असेल तर तो जिवंत आहे, पांढराच घ्या. आणि मुलांनी खणलेला खड्डा निघण्याआधी बुजवा. तो सगळ्यात लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल कधीच नको, कारण कोरड्या वाळूच्या भिंती एकदम ढासळतात. उघडा राहिलेला खड्डा रात्री अंडी घालायला आलेल्या कासविणीला आणि पिल्लांनाही अडकवतो.