मिठागरातल्या हॅलोआर्कियाचं (खारट पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवाचं) एन्झाइम ई. कोलाय या जिवाणूत बनतंय, पण पेशी फोडून फिरवल्यावर सगळं पेलेटमध्येच (तळाच्या गाळात) जातंय. आयपीटीजी (प्रोटीन बनवणं सुरू करणारं रसायन) किती ठेवू?

तुमच्या सविस्तर प्रश्नातली खरी महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी जाता जाता लिहिली आहे: जीन गोव्यातल्या एका आगरातून वेगळ्या केलेल्या हॅलोआर्कियाचं आहे. बाकी सगळा प्रश्न आयपीटीजीचा. 1 मिलिमोलर झालं, 0.5 झालं, 0.2 झालं, 37 अंशांवर चार तास, आणि दर वेळी जेलवर प्रोटीनचा जाड बँड (पट्टा) पेलेटमध्ये, सुपरनेटंट (वरचं द्रावण) रिकामा. तीन महिने यात गेले म्हणता. माझे पाच गेले होते, म्हणून लिहिते आहे.

पीईटी व्हेक्टर (जीन वाहून नेणारा डीएनए) आणि बीएल21(डीई3) हा ई. कोलायचा वाण या जोडीत आयपीटीजी म्हणजे पंख्याचं बटण आहे, रेग्युलेटर नाही. एकदा टी7 पॉलिमरेज (जीनवरून आरएनए काढणारं एन्झाइम) बनायला लागलं की ते ई. कोलायच्या स्वतःच्या पॉलिमरेजच्या साधारण पाचपट वेगाने आरएनए काढतं. प्रोटीनच्या साखळ्या भराभर बाहेर पडतात, नीट घडी पडायच्या आत एकमेकींना चिकटतात आणि त्यांचे गोळे होतात. तेच इन्क्लुजन बॉडीज. माशांच्या हुमणात (कालवणात) नारळाचा रस घातल्यावर आई आच बारीक करते ना, नाहीतर ते फुटतं? इथंही आच बारीक करायची. ओडी (पेशी वाढल्याने येणाऱ्या गढूळपणाचं माप) 0.6 झाली की फ्लास्क अर्धा तास बर्फात ठेवा, मग 0.1 मिलिमोलर आयपीटीजी घालून 18 अंशांवर रात्रभर शेकर चालू द्या. माझ्या बाबतीत हा शोध पावसाने लावला. जुलैतल्या एका रात्री इंडक्शननंतर (आयपीटीजी घातल्यावर) वीज गेली, शेकर बंद पडला, आणि सकाळी निव्वळ हळहळ म्हणून चालवलेल्या जेलवर पहिल्यांदाच सुपरनेटंटमध्ये पुसटसा बँड दिसला.

त्याआधी मात्र एक तपासा, कारण इथं बरेच जण फसतात. पेशी नीट फुटल्याच नसतील तर आतलं विरघळलेलं प्रोटीनही पेशींबरोबर पेलेटमध्येच जाणार, आणि तुम्ही उगाच इन्क्लुजन बॉडीजच्या नावाने रडत बसणार. सोनिकेशननंतर (ध्वनिलहरींनी पेशी फोडल्यावर) एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. शाबूत पेशी दिसल्या तर पल्स वाढवा, पण ट्यूब बर्फातच हवी आणि मध्ये थांबे हवेत. नाहीतर गरम होऊन चांगलं प्रोटीनही विस्कटून त्याचे गोळे होतील. आणि जेलवर फक्त पेलेट-सुपरनेटंट नको. इंडक्शनआधीचा नमुना, नंतरचा, फोडलेल्या पेशींचा पूर्ण नमुना, मग ते दोन, असे पाचही शेजारीशेजारी हवेत.

आता मुख्य मुद्दा. आगराचं पाणी उन्हाळ्यात तांबूस होतं ते ज्यांच्यामुळे, ते हे जीव. ते मीठ बाहेर ठेवून जगत नाहीत. पेशीच्या आतच कित्येक मोलर पोटॅशियम क्लोराइड भरून घेतात. म्हणून त्यांची प्रोटीन्सही तशाच घडणीची: पृष्ठभागावर अ‍ॅस्पार्टेट आणि ग्लुटामेट या ऋण भाराच्या अमिनो आम्लांची गर्दी, आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला प्रोटीनचा एकूण भार शून्य होतो तो) बहुधा 4 ते 5 च्या आसपास. एवढे ऋण भार एकमेकांना ढकलत असतात. भोवती मीठ असतं तेव्हा ते शांत राहतात, मीठ काढलं की घडी विस्कटते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. 3 मोलर सोडियम क्लोराइड म्हणजे लिटरला 175 ग्रॅम, समुद्राच्या पाचपट. ई. कोलायच्या पोटात त्याच्या जवळपासही काही नसतं. तुमचं प्रोटीन तिथं जन्मतं तेच उपऱ्यासारखं.

यावरून माझी फजिती. माझं जीन रायबंदरच्या आगरातल्या एका हॅलोआर्कियाचं. 18 अंशांनी थोडं जमलं, मग एमबीपी टॅग (सहज विरघळणाऱ्या प्रोटीनचा जोड) लावला आणि प्रोटीन एकदम सुपरनेटंटमध्ये आलं. आम्ही लॅबमध्ये चहा-भजी केली. अ‍ॅक्टिव्हिटी शून्य. सिक्वेन्स दोनदा तपासला, सब्स्ट्रेट नवीन मागवला, दोन महिने गेले. शेवटी शेजारच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "बफरमध्ये मीठ किती?" 150 मिलिमोलर. सगळ्या प्रोटोकॉलमध्ये तेवढंच असतं म्हणून तेवढंच. 3 मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये रात्रभर ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी अ‍ॅक्टिव्हिटी आली. एमबीपीच्या कुबडीवर प्रोटीन विरघळलेलं होतं, पण घडी पडलेलीच नव्हती. म्हणून 'सोल्युबल आलं' या शब्दावर मी आता विश्वास ठेवत नाही. अ‍ॅक्टिव्हिटी दाखवा, नाहीतर जेल फिल्ट्रेशनवर (आकारानुसार प्रोटीन वेगळी करणाऱ्या कॉलमवर) ते मोठ्या गोळ्यांसारखं सगळ्यात आधी, व्हॉइड व्हॉल्यूममध्ये न येता आपल्या जागी येतं हे तरी दाखवा.

तुमच्या जागी मी असते तर सोल्युबल करण्याच्या मागे फार लागले नसते. 18 अंशांचा एक प्रयत्न करून पाहिला असता, नाही जमलं तर सरळ इन्क्लुजन बॉडीज वापरल्या असत्या. तुमच्याकडे त्या भरपूर आहेत आणि बऱ्यापैकी शुद्ध असतात. 1 टक्का ट्रायटन (एक डिटर्जंट) असलेल्या बफरने दोनदा धुवा, मग ट्रायटन काढायला साध्या बफरने एकदा. 8 मोलर युरियात विरघळवा. युरिया त्याच दिवशी करा आणि तापवू नका. शिळ्या युरियात सायनेट तयार होतं आणि ते लायसिनला चिकटून बसतं. न विरघळलेला गाळ फिरवून काढून टाका. मग हे द्रावण थेंबथेंब, ढवळत, 3 मोलर मीठ असलेल्या थंड बफरमध्ये सोडा. शेवटी प्रोटीन मिलिलिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. गर्दी झाली की साखळ्या पुन्हा चिकटतात. रात्रभर 4 अंशांवर ठेवा, सकाळी दुधाळपणा दिसला तर आणखी पातळ करून पुन्हा. हॅलोफिलिक प्रोटीन्स अशी मिठात उभी राहतात हे वारंवार दिसलेलं आहे, त्यामुळे आशा ठेवायला जागा आहे. हिस-टॅगचा (निकेलला चिकटणाऱ्या हिस्टिडिनच्या शेपटीचा) निकेल कॉलम युरियातच करून घेतलात तर बरं. बफरमध्ये ईडीटीए नको, ते निकेल काढून घेतं.

जेलच्या बाबतीत दोन गोष्टी मला कुणी सांगितल्या नव्हत्या. पोटॅशियम क्लोराइडवाल्या नमुन्यात एसडीएस (जेलसाठी लागणारं डिटर्जंट, सोडियम डोडेसिल सल्फेट) घातलं की पांढरा गाळ बसतो. ते तुमचं प्रोटीन नव्हे, पोटॅशियम आणि डोडेसिल सल्फेटचा क्षार आहे. जेलपुरतं सोडियम वापरा किंवा आधी मीठ काढून घ्या. दुसरं, एवढ्या आम्लधर्मी प्रोटीनवर एसडीएस नीट बसत नाही आणि ते हळू सरकतं. हिशेबाने 35 किलोडाल्टनचं प्रोटीन जेलवर 45 ला दिसलं तर 'क्लोन चुकला' म्हणून घाबरू नका. गाईड म्हणाले तर मास स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवा.

हे सगळं करूनही नाही जमलं तर मीठ मानवणारा यजमान घ्या. हॅलोफेरॅक्स व्होल्कॅनी हे हॅलोआर्कियाच त्यासाठी वापरतात. ई. कोलायपेक्षा ते खूप सावकाश वाढतं, त्यामुळे एमएस्सीच्या सहा महिन्यांच्या प्रोजेक्टात मी त्याच्या वाटेला गेले नसते.

आणि फ्रीजरमधले ते 'फुकट गेलेले' पेलेट टाकून दिले नसतील तर तसेच उणे 20 ला राहू द्या. सोमवारी रिफोल्डिंगला त्यांचाच उपयोग होईल.