‘काय मारू?’ एवढंच विचारलं तर काय सांगणार!

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला, दोन एकर थॉमसन द्राक्षं आहेत. वडिलांनंतर बाग मीच बघतोय. द्राक्षवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पानाचा फोटो टाकून ‘काय झालंय, काय मारू?’ विचारतो तर कोणी बोलतच नाही, नाहीतर पाच जण पाच औषधं सांगतात. जुन्या लोकांनाच उत्तरं देतात का?

उत्तर : नाही हो भाऊ, जुने-नवे असं काही नसतं. जुना माणूस पहिल्या ओळीत गोडी छाटणीनंतरचा (फळांसाठी करतात ती छाटणी) कितवा दिवस ते लिहितो आणि तुम्ही नुसतं पान दाखवता, एवढाच फरक. विसाव्या दिवशीचा डाग आणि शंभराव्या दिवशीचा डाग दिसायला सारखा असला तरी औषध सारखं कसं असेल, शंभराव्या दिवशी घडात माल तयार होत आलेला, तिथे पीएचआय (शेवटची फवारणी आणि काढणी यात ठेवायचे दिवस) बघावा लागतो, माल एक्स्पोर्टला जाणार असेल तर रेसिड्यूचं, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाचं, टेन्शन वेगळंच. मग ज्याला खरंच कळतं तो गप्प बसतो, आणि ज्याला नाही कळत तो लगेच औषधाचं नाव टाकतो. तुमचे ते पाच जण बहुतेक यातलेच.

फोटोचंही तेच. डाउनी (केवडा रोग) असेल तर पानावर वरून पिवळसर तेलकट डाग आणि खालून पांढरी बुरशी, म्हणजे पान उलटून दुसरा फोटो पाहिजेच पाहिजे. वरूनच पांढरी पावडर दिसत असेल तर भुरीचा, म्हणजे दुसऱ्या बुरशी रोगाचा, संशय. आणि कधीकधी तर तो पांढरा डाग म्हणजे कालच्या फवारणीचा वाळलेला थर असतो, म्हणून आधी काय मारलं आणि कधी, ते लपवू नका (चुकीचं मारलं असेल तरी लिहा, कोणी हसत नाही, हसले तर हसू द्या).

असं काहीसं टाका बघा:

‘निफाड, थॉमसन, गोडी छाटणी 28 सप्टेंबर, आज 24वा दिवस. परवा रात्री पाऊस, सकाळी दव. खालच्या पानांवर तेलकट डाग, पानामागे पांढरं, फक्त बांधाकडच्या चार ओळींत. पावसाच्या आदल्या दिवशी मँकोझेब बुरशीनाशक मारलं, 2 ग्रॅम लिटरला. आता सिस्टेमिक (पानात शोषलं जाणारं औषध) घ्यावं का? दोन्ही बाजूंचे फोटो खाली.’

हे एकाच मेसेजमध्ये. ‘नमस्कार’ वेगळा, ‘एक विचारायचं होतं’ वेगळा, मग फोटो, असं तुकड्या-तुकड्याने टाकलं की मध्ये कोणाचा तरी ट्रॅक्टर विकायचा मेसेज घुसतो आणि तुमचा प्रश्न वर निघून जातो. व्हॉइस नोट तर टाळाच, मागे फवारणीचा ब्लोअर चालू असतो, निम्मं ऐकू येत नाही आणि पुढच्या वर्षी शोधायला गेलं तर सापडत नाही.

दुसऱ्याच्या खताच्या प्रश्नाखाली आपली भुरी घुसडू नका, वेगळं विचारा. तासभर उत्तर नाही आलं म्हणून तोच मेसेज परत परत पण नको, सकाळी सगळे बागेत असतात, संध्याकाळी टाकून बघा. आणि फवारणी करून चार-पाच दिवसांनी त्याच मेसेजला रिप्लाय देऊन सांगा की डाग थांबले की वाढले, हे बहुतेक लोक करतच नाहीत, आणि सल्ला देणाऱ्याला तर तेच हवं असतं.