जाहिरातीतले यार्ड आणि आपल्या मापाचा क्लब

प्रश्न : माझे वय 61 असून मी फोंड्याला राहतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर गोल्फ शिकलो. कधी काणकोणला राजबागच्या मैदानावर, तर एरवी बाणावलीच्या रिसॉर्टमधील छोट्या मैदानावर खेळतो. माझा ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) आठ-नऊ वर्षांपूर्वीचा आहे. मुलाकडे बंगळुरूला गेलो असता एका दुकानात यंत्रासमोर नवा ड्रायव्हर मारून पाहिला, तेव्हा जुन्यापेक्षा 18 यार्ड अधिक अंतर दिसले. त्याच कंपनीच्या संचातील सात क्रमांकाचा आयर्नही (मधल्या अंतराचा, धातूच्या पातळ डोक्याचा क्लब) माझ्या जुन्या सातपेक्षा 15 यार्ड पुढे गेला. एवढा फरक खरोखर पडतो का? माझी उंची 5 फूट 5 इंच असल्यामुळे क्लब आखूड करून घ्यावे लागतील, असेही विक्रेता म्हणाला. काय करावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : यंत्राने दाखवलेला आकडा बहुधा खोटा नसतो. तो कोणत्या परिस्थितीत आला, हे मात्र दुकानात कोणी आपण होऊन सांगत नाही. ड्रायव्हरच्या तोंडाने, म्हणजे चेंडूवर बसणाऱ्या बाजूने, चेंडूला किती उसळी द्यावी, यावर अमेरिकेच्या यूएसजीए या नियामक संस्थेने 1998 मध्येच मर्यादा घातली आणि ब्रिटनमधील आर अँड ए या संस्थेने 2008 पासून ती सर्वच खेळाडूंना लागू केली. ड्रायव्हरच्या डोक्याचे आकारमान 460 घनसेंटिमीटरपेक्षा आणि क्लबची लांबी 48 इंचांपेक्षा अधिक असू नये, हेही 2004 पासून ठरलेले आहे. तुमचा जुना ड्रायव्हर या मर्यादा लागू झाल्यानंतर, आणि नामांकित कंपन्या त्यांच्या अगदी काठावर पोहोचल्यानंतर तयार झालेला आहे. त्यामुळे तोंडाच्या नेमक्या मध्यावर बसलेल्या फटक्यात नवा क्लब त्याच्या फारसा पुढे जाऊ शकत नाही. मध्य चुकलेल्या फटक्यात डोके कमी वळणे आणि चेंडूचा वेग कमी घटणे, ही सुधारणा मात्र खरी आहे व ती आपल्यासारख्या हौशी खेळाडूंच्या उपयोगाचीही आहे. पण तिच्यातून सरसकट 18 यार्ड निघत नाहीत.

मग ते 18 यार्ड आले कुठून? दुकानात बहुधा असे होते, की आपला जुना क्लब अंग मोकळे होण्याआधी मारला जातो आणि नवा क्लब हातात येईपर्यंत शरीर सैल झालेले असते. जुन्याची सरासरी धरली जाते आणि नव्याचा सर्वांत लांब फटका पडद्यावर झळकत राहतो. शिवाय नव्या ड्रायव्हरचा शाफ्ट, म्हणजे दांडा, अनेकदा लांब असतो. दुकानात साडेपंचेचाळीस इंच किंवा त्याहून लांब ड्रायव्हर सर्रास मिळतात, तर व्यावसायिक खेळाडूंपैकी बरेच जण 45 इंचांच्या आसपास राहणे पसंत करतात, कारण वाढीव लांबीने वेग थोडा वाढला तरी चेंडू मध्यावर घेणे अवघड होते. ज्यांचा स्विंग, म्हणजे क्लब फिरवण्याची क्रिया, रोजच्या सरावाने घोटलेला आहे ते जिथे आवरते घेतात, तिथे आपण लांबीच्या मोहात का पडावे, हे मला आजवर उमगलेले नाही.

बंगळुरूचा आणखी एक मुद्दा आहे. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे, तिथली हवा विरळ असल्याने चेंडूला होणारा विरोध कमी पडतो आणि तोच फटका काणकोणच्या किनाऱ्यापेक्षा ढोबळमानाने तीन-चार टक्के लांब जातो. बंदिस्त जागेत जाळीवर चेंडू मारला जात असेल, तर यंत्र पुढचे अंतर गणिताने काढते आणि त्या गणितात उंची व तापमान आधी भरलेले असते. ते काय भरले आहे, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. हा फरक जुन्या व नव्या क्लबला सारखाच लागू होतो, हे खरे. पण घरी येऊन मैदानावर तोच आकडा शोधणाऱ्याची निराशा ठरलेली असते.

सातच्या आयर्नचे कोडे याहून सोपे आहे. चाळीसएक वर्षांपूर्वी सात क्रमांकाच्या आयर्नचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा मागे झुकलेला कोन, साधारण 36 अंश असे. आज लांब अंतराची हमी देणाऱ्या संचांत तो 28 ते 30 अंशांवर आलेला आहे. तळावर सात हा आकडा कोरलेला असला तरी कोन जुन्या पाचच्या जवळ जाणारा आहे आणि शाफ्टही थोडा लांब आहे. डोक्याचे वजन आता तळाशी व मागे नेलेले असल्यामुळे इतक्या कमी कोनातही चेंडू बऱ्यापैकी उंच उठतो, हे त्या कारागिरीचे श्रेय मान्य केले पाहिजे. तरीही तुलना करायची असेल तर ती क्रमांकाशी क्रमांकाची करू नये, कोनाशी कोनाची करावी. नव्या संचाचा पिचिंग वेज (जवळच्या, उंच फटक्याचा क्लब) 43 अंशांच्या आसपास असतो, आणि तुमच्या पिशवीतला सँड वेज (वाळूतून चेंडू काढण्याचा क्लब) 56 अंशांचा असेल, तर मधले 13 अंश रिकामे पडतात. ते भरण्यासाठी 49-50 अंशांचा आणखी एक वेज घ्यावा लागतो, आणि तो संचाच्या किमतीत धरलेला असेलच असे नाही.

आता लांबीविषयी. नुसत्या उंचीवरून क्लब आखूड करणे ही घाई आहे. खेळताना घालता ते बूट घालून सरळ उभे राहावे, हात सैल सोडावेत आणि मनगटावरच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाला तरी मोजायला सांगावे. ते 33 ते 35 इंचांच्या दरम्यान असेल, तर प्रमाण लांबीचे आयर्न बहुधा चालतात. तुमचे हात उंचीच्या मानाने आखूड असतील तर तुमच्यापेक्षा चार इंच उंच पण लांब हातांच्या माणसाचे आणि तुमचे माप एकच निघू शकते. अर्थात हा आरंभीचा अंदाज झाला. निर्णय चेंडूवर व्हावा.

लांबीपेक्षाही ज्याकडे कमी लक्ष दिले जाते तो लाय, म्हणजे क्लब जमिनीवर टेकलेला असताना शाफ्टने जमिनीशी केलेला कोन. चेंडूच्या ज्या बाजूवर क्लब बसणार त्या बाजूवर व्हाइटबोर्डच्या मार्करने ठळक उभी रेघ काढावी, ती क्लबकडे तोंड करून चेंडू ठेवावा आणि सातच्या आयर्नने फटका मारावा. तोंडावर उमटलेली रेघ खाचांना काटकोनात असेल तर लाय योग्य आहे. तिचे वरचे टोक क्लबच्या बाहेरच्या टोकाकडे, म्हणजे ‘टो’कडे, झुकले असेल तर क्लब तुमच्यासाठी अधिक उभा आहे व उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे ओढला जाईल. शाफ्टकडे झुकले असेल तर उलट. चुकीच्या लायमुळे चेंडू अधिक लॉफ्टच्या क्लबमध्ये जास्त भरकटतो, त्यामुळे ही चाचणी वेजवर आवर्जून करावी. मऊ पोलादाचे घडीव आयर्न कुशल कारागीर एक-दोन अंश सहज वाकवून देतो. कठीण पोलादाचे ओतीव आयर्न मात्र जपून हाताळावे लागतात, आणि काही वाकतच नाहीत.

शाफ्टवरची ताठपणा सांगणारी आर (रेग्युलर), एस (स्टिफ) ही अक्षरे पाहून निर्णय घेऊ नये, कारण त्या अक्षरांमागे सर्व कंपन्यांना बांधणारे कोणतेही एक माप नाही. एका कंपनीचा रेग्युलर दुसऱ्या कंपनीच्या स्टिफइतका ताठ असू शकतो. तुमच्या वयात वजन अधिक महत्त्वाचे. पोलादी शाफ्ट सव्वाशे ग्रॅमपर्यंत जातात, तर ग्रॅफाइटचे 60-70 ग्रॅममध्ये मिळतात, आणि शेवटच्या तीन होलपर्यंत खांदे साथ देतात की नाही, हे बरेचसे त्यावर ठरते. ड्रायव्हरचा लॉफ्ट साडेदहा अंशांखाली नेऊ नये, बाराही चालेल. 9 अंशांचा ड्रायव्हर पिशवीत रुबाबदार दिसतो, पण संथ स्विंगला तो चेंडू हवेत टिकू देत नाही.

पुन्हा चाचणी घ्याल तेव्हा आपले चेंडू बरोबर न्यावेत, दोन्ही क्लब आलटून पालटून मारावेत, आणि सर्वांत लांब फटक्याऐवजी सरासरी कॅरी (चेंडूने हवेत कापलेले अंतर) व डावी-उजवीकडचा पसारा लिहून मागावा. विक्रेता कुरकुर करू लागला तर तिथेच थांबावे. आणि एक पाहावे : बाणावलीच्या मैदानावर ड्रायव्हरला जवळजवळ कामच नाही, तिथे वेज आणि पटर (चेंडू होलात ढकलण्याचा क्लब) यांवर गुण ठरतात. एरवीही फेरीतले साधारण 40 टक्के फटके पटरने मारले जातात, पण त्याची लांबी कोणी मोजून घेत नाही. दुकानातला पटर बहुधा 34 किंवा 35 इंचांचा असतो. पटर घेऊन वाकल्यावर डोळे चेंडूच्या वर किंवा किंचित अलीकडे येत नसतील, तर तो एखादा इंच कापून घेणे हा तुमच्या बाबतीत सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयोगी बदल ठरेल. ड्रायव्हर तूर्त आहे तोच राहू द्यावा.

प्रश्न : मी मडगावची. उंची 5 फूट 7 इंच, कॉलेजात बॅडमिंटन खेळत असे. गोल्फ सुरू करायचे आहे, पण दुकानदार फक्त लेडीज सेटच दाखवतात. 14 क्लब घेणे आवश्यक आहे का?
— एक वाचिका, मडगाव

उत्तर : लेडीज हा शब्द इथे एका अंदाजाचे नाव आहे : उंची कमी, स्विंग संथ, तळहात लहान. त्यानुसार क्लब साधारण एक इंच आखूड, शाफ्ट सर्वांत लवचीक आणि ग्रिप बारीक ठेवलेली असते. यांपैकी तुम्हाला काय लागू पडते ते तुमच्या मापावरून ठरेल, आणि तुमच्या वर्णनावरून पुरुषांसाठीचे हलके, सीनियर (अधिक लवचीक) किंवा रेग्युलर ग्रॅफाइट शाफ्टचे क्लब तुम्ही आधी मारून पाहावेत असे वाटते. ग्रिपसाठी सोपी खूण अशी, की डाव्या हाताने ग्रिप धरल्यावर मधली दोन बोटे तळहाताला जेमतेम टेकावीत. ती रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे.

14 ही नियमातली कमाल मर्यादा आहे. एक हायब्रिड (लांब फटक्याचा, मारायला सोपा क्लब), सहा व आठ क्रमांकाचे आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर एवढ्यावर पहिले वर्ष आरामात निघते. वापरलेले क्लब घेण्यात कमीपणा नाही, मात्र समाजमाध्यमांवर अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या नव्याकोऱ्या नामांकित ड्रायव्हरपासून दूर राहावे, कारण नकली मालाचा सुळसुळाट आहे. टायटॅनियमला लोहचुंबक चिकटत नाही. टायटॅनियमचे म्हणून विकलेल्या ड्रायव्हरच्या तोंडाला तो घट्ट चिकटला, तर बोलणी तिथेच थांबवावीत.

प्रश्न : पावसाळ्यात क्लब पडून राहतात आणि चवथीनंतर काढले की शाफ्टवर गंज दिसतो, ग्रिपही निसटते. नवे घ्यावेत का?
— एक वाचक, वास्को

उत्तर : नकोत. वरवरचा गंज बारीक स्टील वूल व थोड्या तेलाने निघतो. शाफ्टला खड्डे पडले असतील, विशेषतः डोक्याजवळ, तर तेवढा शाफ्ट बदलावा. निसटणारी ग्रिप आधी कोमट साबणाच्या पाण्याने घासून पाहावी, कारण घाम आणि सनस्क्रीनचा थरच अनेकदा तिला गुळगुळीत करतो. रबर कडक होऊन चमकू लागले असेल तर मात्र ग्रिप बदलावी. पिशवी ओल्या आवरणात बंद करून ठेवू नये, क्लब पुसून घरातल्या कोरड्या जागी उभे करावेत. मे महिन्यात ते गाडीच्या डिकीत तर मुळीच ठेवू नयेत : डोके शाफ्टला जोडणारा इपॉक्सी गोंद उष्णतेने मऊ पडतो आणि मग फटक्यासरशी चेंडूच्या मागोमाग डोकेही निघून जाण्याची शक्यता असते.