दौऱ्यातला बुधवार

"परदेश दौऱ्यावरून परत आलो की महिनाभर कशातच लक्ष लागत नाही. मी आजारी आहे की कृतघ्न?" गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंत अमेरिका आणि कॅनडातील महाराष्ट्र मंडळांचे कार्यक्रम करून परतलेले गायक, वादक, निवेदक आणि ध्वनिव्यवस्था सांभाळणारे लोक हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. बहुतेकांनी तो तोपर्यंत कोणालाही विचारलेला नसतो. "अमेरिका पाहून आलास, वर मानधन मिळालं, आता रडायला काय झालं?" हे उत्तर त्यांना विचारण्यापूर्वीच ऐकू येत असते. एका तबलावादकाबरोबर झालेल्या अनेक बैठकांचा सारांश येथे देत आहे. त्याची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पस्तिशीच्या आतला हा कलाकार पुण्यात क्लास घेतो आणि एका नामवंत गायिकेला साथ करतो. त्यांच्याबरोबर तो सात आठवडे न्यू जर्सी, शिकागो, डॅलस, सिएटल असा फिरून आला होता. परतल्यावर त्याने पहिले आठ दिवस झोपून काढले. नंतर क्लास सुरू केले, पण विद्यार्थ्यांवर ओरडू लागला, पत्नीशी बोलेनासा झाला आणि रियाजाला बसला की दहा मिनिटांत उठू लागला.

शरीराचा वाटा मी आधी बाजूला काढला. न्यू जर्सी आणि पुणे यांच्या घड्याळांत उन्हाळी वेळेत साडेनऊ तासांचे आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याशी साडेबारा तासांचे अंतर असते. शरीराचे घड्याळ साधारणपणे दिवसाला एखाद्या तासाने सरकते, त्यामुळे परतल्यावर दहा-बारा दिवस झोप, भूक आणि मनःस्थिती ठिकाणावर नसणे अगदी स्वाभाविक आहे. त्या दिवसांत सकाळचे ऊन अंगावर घ्यावे, दुपारची झोप आखूड ठेवावी आणि "क्लास बंद करतो", "साथ सोडतो" यांसारखे निर्णय घेऊ नयेत. अर्ध्या लोकांचे काम एवढ्यावर भागते. या तबलावादकाला परतून मात्र पाच आठवडे झाले होते.

"तुम्हाला उदास वाटते आहे, हे ठीक. पण तसे वाटणे चूक आहे, असे कोण म्हणाले?" मी विचारले.

"सगळेच म्हणतात, मॅडम."

"आणि तुम्ही?"

"मी सगळ्यांत जास्त. माझ्याबरोबर शिकलेल्या चार जणांना अजून पासपोर्ट काढायची वेळ आलेली नाही."

मी ज्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीने (आरईबीटी) काम करते, ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचा एक धडा मला फार उपयोगी पडला आहे: माणसाला त्रास होतो आणि मग आपल्याला त्रास होतो म्हणून आणखी त्रास होतो. हा दुसरा थर काढल्याशिवाय पहिल्याला हात लावता येत नाही. म्हणून आम्ही दौऱ्याविषयी बोलण्याआधी त्याच्या लाजेविषयी बोललो. उदास होणे आणि उपकार विसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने मान्य केले, पण मनापासून पटायला वेळ लागला. २०१६ साली ब्रिटनमधील 'हेल्प म्युझिशियन्स' या संस्थेसाठी झालेल्या पाहणीत सुमारे २,२०० संगीत व्यावसायिकांपैकी ७१ टक्क्यांनी तीव्र चिंतेचा आणि ६८ टक्क्यांहून अधिकांनी नैराश्याचा अनुभव सांगितला होता, हे मी त्याच्यासमोर ठेवले. ती पाहणी स्वेच्छेने उत्तरे देणाऱ्यांची होती, त्यामुळे ती सर्व संगीतकारांना लावता येत नाही. तरी "म्हणजे हे फक्त माझंच नाही" एवढे वाक्य त्याच्या तोंडून येण्यापुरती ती पुरेशी ठरली.

त्यानंतर तो मोकळेपणाने बोलू लागला. शनिवारी सभागृहात सहाशे माणसे, उत्तरार्धात द्रुत लयीत त्याच्या वाट्याला आलेली जागा, उभे राहून वाजवलेल्या टाळ्या, जेवणाच्या रांगेत हात हातात घेऊन "तुमचा डग्गा काय बोलतो हो!" म्हणणारे आजोबा, हे सारे तो रंगून सांगे. बाहेर दमट उकाडा आणि आत थंड, कोरडी हवा असलेल्या सभागृहात तबल्याचा सूर चढला, तेव्हा दोन गाण्यांच्या मध्ये गट्ट्यांना (वादीखालच्या लाकडी ठोकळ्यांना) खालून हातोडी मारून तो कसा उतरवला, हे सांगताना त्याचे हात हवेत चालत असत. (ही हातोडी विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाही. पहिल्याच विमानतळावर ती गमावलेला वादक मला दरवर्षी भेटतो.)

"आणि इथे?" मी विचारले.

"इथे सातवीतला मुलगा तिरकिट चुकवतो आणि त्याची आई विचारते, सर, प्रवेशिकेला बसेल ना हा? मग मी नक्की कोण आहे, मॅडम?"

हा प्रश्न त्याने तक्रारीच्या सुरात विचारला होता, पण मला तो प्रकरणाचा गाभा वाटला. आपली किंमत काय, याचे उत्तर त्याने शनिवारच्या सभागृहावर सोपवले होते. सभागृह भरले की उत्तर मिळे आणि रिकामे झाले की प्रश्न पुन्हा उभा राही. हे मी त्याला सांगितले असते तर त्याने मान डोलावली असती आणि काहीही बदलले नसते. बुद्धिमान माणसे सल्ल्याला फार लवकर होकार देतात. म्हणून पुढच्या बैठकीत मी वेगळीकडून सुरुवात केली.

"तुमचे शनिवार मी पुष्कळ ऐकले. आज दौऱ्यातला एखादा बुधवार सांगा."

तो हसला. "बुधवारी काय असतं? काहीच नसतं."

"तेच सांगा. सकाळी उठल्यापासून."

अमेरिकेतील मंडळांचे कार्यक्रम शुक्रवार संध्याकाळ ते रविवार या वेळात होतात, कारण श्रोते आठवडाभर नोकरीत असतात. मधले चार दिवस कलाकार कोणाच्या तरी घरी पाहुणा म्हणून राहतो. कलाकारांचा पी-थ्री व्हिसा ठरलेल्या कार्यक्रमांपुरता असल्यामुळे मधल्या दिवसांत शिकवण्या घेऊन चार पैसे मिळवावेत, अशीही सोय नसते. हे मला ठाऊक होते. तो दिवस त्याच्या अंगावरून कसा जातो, हे मात्र मी प्रथमच ऐकत होते.

यजमानांच्या तळघरातील खोलीत तो नऊला उठे. यजमान कामावर गेलेले असत आणि वहिनींची वरच्या मजल्यावर ऑफिसची बैठक चालू असे. आवाज वर जाऊ नये म्हणून तो डग्ग्यावर टॉवेल टाकून कायदे (तबल्याच्या बोलांच्या ठरीव रचना) घोळवी, आणि ऐकूच न येणाऱ्या हातावर किती वेळ बसणार, म्हणून अर्ध्या तासात उठे. फ्रिजमध्ये त्याच्यासाठी डबा ठेवलेला असे, वर 'बुधवार दुपार' अशी चिठ्ठी. बाहेर फिरायला जावे, तर रस्त्याला पदपथ नाही आणि गाडीशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातही जाता येत नाही. दुपारी तीनला घरी बोलावेसे वाटे, तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेबारा वाजलेले असत. पत्नी जागी असली आणि तिने "कसं चाललंय?" असे विचारले, तर तो "मस्त" म्हणे. एकीकडे शनिवारचे फोटो लोकांना पाठवायचे आणि दुसरीकडे बुधवारचे गाऱ्हाणे सांगायचे, हे त्याला शोभत नसल्यासारखे वाटे.

"मग दिवसभर करत काय होतात?"

"शनिवारची वाट बघत होतो."

तो थांबला आणि मीही काही बोलले नाही. या व्यवसायात बोलण्यापेक्षा गप्प राहणे अधिक शिकावे लागते, आणि ते मला बऱ्यापैकी साधले आहे असे मी मानते. बऱ्याच वेळाने तो खाली पाहत म्हणाला, "मॅडम, मी इथेही तेच करतोय. इथे फक्त शनिवार येत नाहीये."

त्या वाक्यानंतर आमच्या कामाची दिशा बदलली. तोवर तो दौरा संपल्याचे दुःख सांगत होता आणि मीही ते खरे धरून चालले होते. प्रत्यक्षात पुण्यातले रिकामपण त्याच्या आधीच ओळखीचे होते, तळघरातल्या खोलीत त्याने ते आठवड्यातून चार दिवस भोगले होते आणि दर शनिवारी विसरला होता. दौऱ्याची आठवण काढताना माणूस शनिवार जोडून एक चित्र तयार करतो, त्यातले बुधवार गाळतो आणि मग त्या चित्राशी घरातला प्रत्येक दिवस ताडून पाहतो. अशा तुलनेत घर हरणारच. माझ्याकडे येणाऱ्या कलाकारांना आता मी पहिल्या भेटीतच मधल्या वारांविषयी विचारते.

कार्यक्रम नसलेल्या दिवशी वादक म्हणून तो काय करतो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना दौरे सुरू झाल्यापासून त्याचे गुरुजींकडे जाणे बंद पडल्याचे कळले. "आता मी स्टेजवर वाजवतो, परत जाऊन बसायचं कसं?" हा त्याचा अडसर होता. तो दूर व्हायला आठवडे लागले. अखेर तो बुधवारी सकाळी त्यांच्याकडे जाऊ लागला. पहिल्या दिवशी गुरुजींनी एकदाही दाद न देता एकाच रेल्यातील (जलद बोलांच्या रचनेतील) एक अक्षर तासभर दुरुस्त करून घेतले. हे सांगताना तो वैतागलेला होता, पण कित्येक आठवड्यांनी प्रथमच तो टाळ्यांऐवजी तबल्याविषयी बोलत होता.

दौऱ्यावर जाणाऱ्यांना माझे सांगणे असे, की वेळापत्रक हाती आल्यावर कार्यक्रमांच्या तारखांइतकेच लक्ष मधल्या दिवसांकडे द्यावे. रियाज मोकळ्या आवाजात करता येईल का आणि घरापासून पायी किंवा बसने कुठे जाता येते, हे आयोजकांना निघण्यापूर्वी विचारण्यात संकोच करू नये. बहुतेक यजमान प्रेमळ असतात, परंतु पाहुण्याला काय हवे, हे त्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही. घरच्यांना फोनवर बुधवार बुधवारसारखाच सांगावा. रात्री कार्यक्रमानंतर चढलेला उत्साह उतरवण्यासाठी रोज पेल्याचा आधार घेतला जात असेल, तर ती सवय सामानाबरोबर घरी येते, हेही ध्यानात ठेवावे. आणि उदासी सलग दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप आणि भूक उडाली किंवा जगू नये असे विचार येऊ लागले, तर समुपदेशनावर न थांबता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.

हा तबलावादक गुढीपाडव्याच्या कार्यक्रमांसाठी पुन्हा जाऊन आला. परतल्यावर उदासी आलीच, पण त्याने ती दडवली नाही आणि दोन आठवड्यांत क्लास नीट सुरू झाले. एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. त्याच्या पत्नीने माझ्याकडे स्वतंत्र वेळ मागितली आहे. दोन्ही दौऱ्यांत मुलाची शाळा, सासूबाईंचे औषधपाणी आणि स्वतःची नोकरी त्यांनी एकटीने सांभाळली. नवरा परतल्यावर घरात चर्चा फक्त त्याच्या मनःस्थितीची होते, हे त्यांचे गाऱ्हाणे आहे आणि ते मला रास्त वाटते.