जुन्या माल्टिंगमधल्या फ्लॅटचं छत इतकं बुटकं का? असा फ्लॅट घ्यावा का?

तुम्ही इंग्लंडमध्ये हर्टफर्डशरमधल्या वेअर गावी जुन्या माल्टिंगमधला (म्हणजे जवाला मोड आणून बिअरसाठी माल्ट बनवायच्या कारखान्यातला) फ्लॅट बघून आलात आणि तुमच्या तीन तक्रारी आहेत: छत बुटकं, खिडक्या चिमुकल्या, हॉलच्या मधोमध लोखंडी खांब. अशाच एका इमारतीत मी भाड्याने राहिलोय. यात बिल्डरचा दोष नाही. इमारत मुळात माणसांसाठी बांधलेलीच नव्हती, जवासाठी होती. (लंडनच्या ब्रूअरींना, म्हणजे बिअरच्या कारखान्यांना, माल्ट ली नदीतून होड्यांनी जायचं, म्हणून त्या गावात माल्टिंग्ज इतक्या.)

आपण नाचणीचं सत्त्व करताना जे करतो तेच तिथे मोठ्या प्रमाणावर चालायचं. जव हौदात भिजवायचे, मोड आणायचे, भट्टीवर वाळवायचे. मोड येणारं धान्य ढिगात राहिलं की आपोआप तापतं. म्हणून ते लांबलचक जमिनीवर पातळ पसरून लाकडी फावड्यांनी उलटत राहायचे. एवढ्याशा थराला उंच छत कशाला हवंय? माणूस कसाबसा उभा राहील एवढ्यावर पुढचा मजला चढवायचा. ऊन नको, गारवा हवा, म्हणून खिडक्या लहान आणि त्यांना झडपा. ओल्या धान्याचं वजन पेलायला खांब दाटीवाटीने. इंग्लंडमध्येच श्रूजबरीला 1797 साली बांधलेली लिननची सूतगिरणी आहे, लोखंडी सांगाड्याची जगातली पहिली इमारत. शंभर वर्षांनी तिची माल्टिंग झाली, तेव्हा तिच्या बऱ्याचशा खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या!

तेव्हा आधी विचारा, फ्लॅट इमारतीच्या कुठल्या भागात आहे. मोड आणायच्या मजल्यावर असेल तर मधला भाग भर दुपारी अंधारा, आणि तुम्ही सहा फुटी असाल तर विचारच सोडा. भट्टीचा भाग सगळ्यात देखणा. उंच निमुळतं छप्पर, टोकाला वाऱ्याबरोबर फिरणारं टोपरं. आमच्याकडे जिन्याजवळच्या भिंतीत भट्टीची एक जुनी फरशी बसवली होती. खालच्या बाजूने रुंद खळगे, वरून प्रत्येक खळग्यात बारीक बारीक छिद्रं. गरम हवा वर यावी, पण दाणा खाली पडू नये. मात्र अशा उंच खोलीत हिवाळ्यात सगळी ऊब वर जाऊन बसते आणि हीटिंगचं बिल बघवत नाही. मला विचाराल तर सगळ्यात वरचा, धान्याच्या कोठारातला फ्लॅट घ्या. तिरपं छत, लाकडी तुळया आणि रूफलाइट (छपरातल्या खिडक्या) असले तर भरपूर उजेड.

इमारत लिस्टेड, म्हणजे जपायच्या ऐतिहासिक इमारतींच्या सरकारी यादीत, आहे का, तेही बघा. असेल तर खिडकी बदलायलासुद्धा कौन्सिलची परवानगी लागते आणि विनापरवाना बदल हा फौजदारी गुन्हा आहे. आधीच्या मालकाने गुपचूप काही पाडलं-बांधलं असेल, तर ते पूर्ववत करायची नोटीस तुम्हाला येऊ शकते. सॉलिसिटरला जुन्या परवानग्यांचे कागद मागायला सांगा, आणि ते हातात येईपर्यंत सही करू नका.